वेंटवर्थव्हिल की हॉर्न्सबी?

तो : कुटुंब पुण्याचं. नवऱ्याला सिडनीच्या मध्यवस्तीत आयटीतली नोकरी लागली आहे. बायकोची नोकरी तिथे गेल्यावर शोधायची. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, आणि वर्षातले काही महिने नवऱ्याची आई येऊन राहणार. घर कुठे घ्यावं? ज्याला विचारावं तो एकच सांगतो : वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, फार तर हॅरिस पार्क, तिथे आपली माणसं आहेत. माझा आक्षेप नेमका या सल्ल्याला आहे. एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि पोचल्यावर पुन्हा त्याच मसाल्याच्या दुकानासमोर, त्याच चौकश्यांत आणि त्याच तुलनांत राहायचं, तर मग गेलात कशाला? देश बदलणं म्हणजे नुसता पगाराचा आकडा बदलणं नव्हे. मुलीला वर्गात थोडं परकं वाटू दे. त्या परकेपणातून वाट काढतच ती तिथली होईल. उत्तरेला हॉर्न्सबी आहे, वाइटारा आहे, एपिंग आहे. रेल्वे आहे, झाडी आहे, शाळा चांगल्या आहेत. भाडं जास्त पडेल, घर लहान मिळेल, हे मान्य. पण ज्या देशासाठी निघालो तो देश दाराबाहेर असेल.

ती : तुम्ही मुलीच्या वर्गातल्या पहिल्या दिवसाचा विचार केलात. तिच्या आईच्या सहाव्या महिन्याचा विचार करा. नवरा सकाळी साडेसातला ट्रेनला गेला. मुलगी शाळेत. धाकट्याला अजून पाळणाघरात जागा मिळालेली नाही, म्हणून तो घरी. गाडी एकच. भारतीय लायसन्सवर काही महिनेच चालवता येते, पुढे न्यू साउथ वेल्सचं लायसन्स काढावं लागतं. भारत त्यांच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत नसल्यामुळे ज्ञानचाचणी आणि प्रत्यक्ष चाचणी दोन्ही द्याव्या लागतात. पुण्याच्या रहदारीत पंधरा वर्षं गाडी चालवलेली बाई तिथल्या चाचणीत चौकातल्या शिस्तीवर नापास होते आणि तिचा धीर खचतो. आता ती चालत कुठवर जाऊ शकते, हा तिच्या आयुष्याचा परीघ. वेंटवर्थव्हिलला त्या परिघात स्टेशन आहे, कोथिंबीर-मेथी मिळणारी दुकानं आहेत, हिंदीत बोलणारा डॉक्टर सापडतो, आणि ‘कुठून आलात?’ असं विचारणारी दुसरी बाई भेटते. उत्तरेच्या एखाद्या सुंदर, झाडीच्या, उतरणीच्या गल्लीत त्या परिघात काय असतं? शेजाऱ्यांचे बंद गॅरेजचे दरवाजे. तुम्ही ज्याला देश म्हणता तो तिला खिडकीतून दिसेल एवढाच.

आणि आपल्या माणसांजवळ राहणं हा काही परदेशातला दुबळेपणा नाही. रत्नागिरीचा, मालवणचा माणूस गिरणगावात आला तो कुठे उतरला? गावकीच्या खोलीवर. खाणावळीत जेवला, गाववाल्याच्या ओळखीनं गिरणीत लागला. त्या खोल्या नसत्या तर मुंबईत त्याचे पाय टिकले नसते.

तो : गिरणगावाचं नाव काढलंत ते बरं झालं, कारण तो इतिहास अर्धाच सांगितला जातो. गिरणीत माणूस लावणारा जॉबर गाववाला असे, हे खरं. पण नोकरी लावल्याबद्दल दस्तुरी घेणाराही तोच असे. ज्याच्या ओळखीनं नोकरी लागली त्याच्याविरुद्ध बोलायची सोय नव्हती. सिडनीत आज हेच चालतं. नव्यानं आलेल्या मुलाला आपल्याच माणसाच्या हॉटेलात, आपल्याच माणसाच्या दुकानात काम मिळतं, रोखीनं, किमान वेतनापेक्षा कमी दरानं. तक्रार कुणाकडे करणार? तो तर घरचाच. ज्या ओळखी पहिल्या महिन्यात आधार देतात त्याच ओळखी तिसऱ्या वर्षी बांधून ठेवतात.

आणि आपली माणसं म्हणजे नेमकी कुणाची माणसं? हॅरिस पार्कला विग्रम स्ट्रीटवर कान देऊन उभे राहा. गुजराती ऐकू येईल, पंजाबी, हिंदी, नेपाळी. मराठी कुटुंबं सिडनीत एका जागी नाहीतच. वेस्टमीड, कॅसल हिल, केलीव्हिल, हॉर्न्सबी अशी ती विखुरलेली आहेत, आणि गणपतीला गाड्या काढून कुठल्याशा सभागृहात जमतात. म्हणजे वेंटवर्थव्हिलला राहून तुम्हाला डाळ-तांदूळ मिळेल, मराठी नाही. मराठी तुम्हाला शनिवार-रविवारच्या मराठी शाळेतूनच आणायची आहे. तिथे गाडीनं जायचंच असेल, तर मग बाकीचं घर हॉर्न्सबीत असायला काय हरकत आहे?

ती : मराठीचं तुम्ही बोललात ते खोडून काढत नाही. पण आधाराला मराठीच लागतं असं कुठे आहे? पुण्यातल्या सोसायटीतही शेजारी मारवाडी असतो, मल्याळी असतो. मुलाला ताप चढला की शेजारणीची मातृभाषा आड येत नाही. तिला आपली काळजी समजावून सांगायला दहा वाक्यं लागू नयेत, एवढंच हवं असतं.

ही वस्ती कशी झाली तेही बघायला हवं. कुणी भावनेनं जमून हॅरिस पार्क वसवलं नाही. परामॅटाच्या नोकऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर, स्टेशन जवळ, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या तीन मजली विटांच्या इमारतींत भाडं परवडणारं. त्यामुळे विद्यार्थी आले, एकेका फ्लॅटमध्ये चार-पाच जण राहिले. २००९ साली भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा याच हॅरिस पार्कमध्ये मुलं रात्री रस्त्यावर उतरली होती. तेव्हा ते नाव ऐकून लोक काळजीनं फोन करत. २०२३च्या मे महिन्यात भारताचे पंतप्रधान सिडनीला आले तेव्हा त्याच वस्तीला ‘लिटल इंडिया’ म्हणून मान मिळाला. चौदा वर्षांत एवढा फरक पडला तो तिथे राहून दुकानं थाटणाऱ्यांमुळे, पोलिसांशी आणि नगरपालिकेशी भांडणाऱ्यांमुळे; लांब उत्तरेला जाऊन देश पाहणाऱ्यांमुळे नव्हे.

तो : त्या लोकांबद्दल मला आदरच आहे. पण या कुटुंबाला वस्ती घडवायला जायचं नाही, मुलं वाढवायची आहेत. आणि एक व्यवहाराची गोष्ट : त्या तीन मजली विटांच्या इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. ज्या आजीच्या सोयीसाठी तुम्ही हे घर सुचवता, ती गुडघे धरून दोन जिने चढणार आहे का?

ती : म्हणून हॅरिस पार्क नको, वेस्टमीड म्हणते मी. तिथे नव्या लिफ्टच्या इमारती आहेत. मोठं सरकारी रुग्णालय आहे. पाहुणी म्हणून आलेल्या आजीला तिथली मेडिकेअर लागू नसते, तिचा विमा इथूनच काढून न्यावा लागतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. २०२४च्या डिसेंबरपासून कार्लिंगफर्डपर्यंत ट्राम सुरू झाली आहे. आणि शाळांचंच बोलायचं तर गिरावीन जवळ आहे. गिरावीन हायस्कूलचं नाव पुण्यात बसलेल्यांनाही माहीत असतं.

तो : इथेच सगळी गफलत होते! गिरावीन हायस्कूल ही पूर्णपणे निवड-परीक्षेची शाळा आहे. तिला प्रवेशासाठी ठरलेला असा परिसर नाही. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मुलालाही तिथे पत्त्यावर प्रवेश नाही, आणि हॉर्न्सबीची मुलगी परीक्षेच्या जोरावर तिथे जाऊ शकते. कार्लिंगफर्डची जेम्स रूस शाळा तशीच. १९९६पासून सलग सत्तावीस वर्षं बारावीच्या निकालात ती राज्यात पहिली होती, २०२३ला नॉर्थ सिडनी बॉइजनं तिला मागे टाकलं. लोक या शाळांच्या सावलीत घर घेण्यासाठी जादा भाडं भरतात, आणि त्या सावलीचा प्रवेशाशी काडीचा संबंध नसतो. ज्या शाळेत पत्त्यावर प्रवेश मिळतो ती जवळची साधी सरकारी शाळा. घर निवडायचं तर तिच्यासाठी. तिथे भाडेकरार आणि बिलं दाखवून खरोखर तिथे राहतो हे सिद्ध करावं लागतं. उत्तरेतल्या अशा साध्या सरकारी शाळांचा दर्जा चांगला आहे, आणि तिथल्या जादा भाड्यात आपण खरं तर शाळेची फी भरत असतो.

शिवाय त्या वस्तीत मुलगी पाऊल टाकेल तेव्हाच तिच्यावर काय येईल ते बघा. नऊ वर्षांची म्हणजे चौथीच्या आसपास. चौथीत ऑपॉर्च्युनिटी क्लासची परीक्षा असते, पाचवी-सहावीच्या हुशार मुलांच्या वर्गासाठी. सहावीत निवड-शाळांची परीक्षा, सातवीच्या प्रवेशासाठी. वेंटवर्थव्हिलला शेजारची प्रत्येक आई पहिल्या आठवड्यात विचारेल, ‘क्लास कुठला लावला?’ जी मुलगी अजून नव्या उच्चारांशी झगडते आहे तिला शनिवारी सकाळी कोचिंगमध्ये बसवलं जाईल. पुण्यातली शर्यत मागे टाकायला निघालेले आईबाप तीच शर्यत तिथे पळायला लागतील.

ती : शाळांच्या परिसराबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि हे प्रत्येक निघणाऱ्याला कुणीतरी ठणकावून सांगायला हवं. पण कोचिंगपासून सुटका उत्तरेला आहे, हे मात्र खरं नाही. एपिंग, ईस्टवुड, चॅट्सवुड या भागांत चिनी आणि कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत आणि कोचिंगचे बोर्ड तिथे कमी नाहीत. तुम्हाला मुलीचं जे ‘मिसळणं’ हवं आहे ते नेमकं कुणात मिसळणं? ईस्टवुडला मुलीच्या मैत्रिणी कोरियन आणि चिनी असतील, लकेम्बाला लेबनीज आणि बांगलादेशी. हीही ऑस्ट्रेलियाच आहे. किनाऱ्याजवळच्या काही भागांत बहुतेक शेजारी गोरे मिळतील, पण २००५ साली क्रोनुल्लाच्या किनाऱ्यावर जी वंशद्वेषी दंगल झाली तीही त्याच शहरात घडली. तुमच्या मनात जो एकसंध ‘तिथला समाज’ आहे तो सिडनीत मला कुठे सापडत नाही.

या कोचिंगच्या शर्यतीबद्दल सिडनीच्याच अभ्यासक क्रिस्टिना हो यांनी २०२० साली एक पुस्तक लिहिलं, ‘अ‍ॅस्पिरेशन अँड अँग्झायटी’. नावातच आकांक्षेला काळजी जोडलेली आहे. ज्याचे मामा-काका त्या देशात नाहीत, ज्याच्या डिग्रीला ‘स्थानिक अनुभव काय?’ असा प्रश्न विचारला जातो, तो बाप परीक्षेलाच धरून बसतो, कारण परीक्षेला आडनाव दिसत नाही. हॉर्न्सबीला घर घेऊन ती काळजी जाईल, असं मला वाटत नाही. उलट जादा भाडं देऊन आलो म्हटल्यावर मुलीवरचा अपेक्षेचा भार वाढेलच.

तो : तुमचा मुद्दा मी मान्य करतो : गोऱ्यांत राहा असं माझं म्हणणं नव्हतं आणि असू नये. ज्या देशानं १९०१ साली कायदा करून आशियाई माणसाला दाराबाहेर ठेवलं आणि १९७३पर्यंत ते धोरण पुरतं सोडलं नाही, त्या देशात ‘मिसळा’ हा उपदेश कुणी कुणाला करायचा याचं भान हवंच. माझं म्हणणं एवढंच की, कुठल्याही एका गटाचं बहुमत नसेल अशा जागी मूल वाढावं. ईस्टवुडची कोरियन मैत्रीण मला चालेल, आनंदानं चालेल. कारण तिच्या घरी आपल्या मुलीला पाहुणी व्हावं लागेल. वेंटवर्थव्हिलला ती कायम घरचीच राहील.

ती : मग सिडनीतल्याच कॅब्रामॅटाकडे बघा. १९७५नंतर व्हिएतनामचे निर्वासित आले. त्यांना उतरवलं होतं ती सरकारी वसतिगृहं त्या भागात होती, घरं स्वस्त होती, म्हणून ते तिथेच राहिले. नव्वदच्या दशकात कॅब्रामॅटा म्हणजे हेरॉइन, असं समीकरण झालं. १९९४ला तिथल्या आमदाराचा खून झाला. वर्तमानपत्रं म्हणत, बघा, एका जागी जमू दिलं की असं होतं. आज तिथे सगळं शहर फो खायला जातं. आणि त्या निर्वासितांची मुलं डॉक्टर, वकील होऊन शहरभर पसरली. एकत्र राहिले म्हणून ती अडकून पडली नाहीत. एकत्र राहिल्यामुळेच त्यांच्या आईबापांना दोन शिफ्ट करता आल्या, कारण मुलं कुणाच्या तरी नजरेखाली होती.

तो : जी मुलं बाहेर पडली त्यांची गोष्ट आपण सांगतो. जे मागे राहिले त्यांची कोण सांगणार? तीस वर्षं राहूनही बँकेत जायला ज्यांना मुलगा बरोबर लागतो, असे म्हातारे प्रत्येक अशा वस्तीत आहेत. वस्ती इतकी सोयीची असते की इंग्रजीशिवाय चालतं, आणि चालतं म्हणूनच ती शिकली जात नाही. तुमची सहाव्या महिन्यातली एकटी बाई दहाव्या वर्षीही त्याच परिघात असेल, फक्त आता एकटी नसेल. याला मी सुटका म्हणू का?

ती : नका म्हणू. पण आपली ही बाई पुण्यातून शिकून, नोकरी करून आलेली आहे. तिचा प्रश्न भाषेचा नाही, पहिल्या दोन वर्षांत उमेद न खचण्याचा आहे.

तिसरा पर्याय लोक काढतातच, तोही आताच बाजूला करूया : शोफील्ड्स, मार्सडन पार्क, टॅलावाँग. नवी मोठी घरं आणि शेजारी बरेच भारतीय. टॅलावाँगहून मेट्रो आहे, २०२४पासून ती थेट शहराखालून जाते. पण पश्चिमेला समुद्रवारा पोचत नाही, नव्या वस्तीत झाडांची सावली नाही, आणि मेट्रोपासून दूर गेलं की दोन गाड्यांवाचून भागत नाही. ४ जानेवारी २०२०ला त्याच पश्चिमेतल्या पेनरिथला ४८.९ अंश तापमान होतं. गडद छपराच्या घरात आजीला दुपारी कोंडायचं असेल तर तिथे जावं.

तो : यावर आपलं एकमत आहे, निदान पहिल्या घरापुरतं. पण तुमच्या वेस्टमीडबद्दल अजून एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायला जड आहे. समजा, त्या घरात नवरा हात उगारतो. वस्तीत सगळे त्याला ओळखतात. त्याच्याच ओळखीच्यांनी घर मिळवून दिलं, त्याच्याच मित्राच्या बायकोनं तिला दुकानं दाखवली. ती कुणाकडे जाणार? आपल्या वस्तीत बातमी वेगानं फिरते आणि मदत हळू येते. ‘जुळवून घे’ हे वाक्य तिला मराठीत, हिंदीत, गुजरातीत ऐकायला मिळेल.

ती : हे मी नाकारत नाही, कारण असं होताना पाहिलं आहे. पण तेच घर हॉर्न्सबीच्या गल्लीत असतं तर? तिथे जुळवून घे म्हणणारंही कुणी नाही आणि भिंतीपलीकडचा आवाज ओळखणारंही कुणी नाही. वस्ती तिला गप्प करू शकते, आणि एकांत तिला दिसेनासं करू शकतो. दोन्हीतून तिला वाचवणारी गोष्ट उपनगरात नाही, तिच्या हातात काय आहे यात आहे : लायसन्स, स्वतःचं बँक खातं, स्वतःची नोकरी.

तो : म्हणजे आपण जागेबद्दल भांडत होतो, पण खरा वाद आहे तो किंमत कुणी मोजायची याचा. वेस्टमीडला मुलगी थोडी मोजते, हॉर्न्सबीला आई जास्त मोजते. टॅलावाँगला आजी आणि पेट्रोल. नवरा कुठेही राहिला तरी ट्रेनमध्ये बसतो, त्याला फरक फार तर पंधरा-वीस मिनिटांचा. आणि निर्णय बहुतेक घरांत तोच घेतो.

ती : म्हणूनच माझा आग्रह पहिल्या घराचा आहे, कायमच्या घराचा नाही. पहिली दोन वर्षं वेस्टमीड. तिला लायसन्स मिळू दे, नोकरी लागू दे. मग जा उत्तरेला.

तो : ‘मग जाऊ’ म्हणणारे जात नाहीत. मुलीच्या मैत्रिणी होतात, धाकट्याची शाळा सुरू होते, आजीला शेजारीण मिळते. जायचं असेल तर तारीख आधीच ठरवावी लागेल, आणि ती तारीख शाळा ठरवते. हायस्कूल सातवीपासून, प्रवेश पत्त्यावर, आणि पत्ता सहावीतच पक्का लागतो. म्हणजे या मुलीच्या बाबतीत हाताशी जेमतेम दोन वर्षं आहेत. त्या दोन वर्षांत आईचा जम बसला नाही, तर कुणाचं घड्याळ पाहायचं? आईचं की मुलीचं?

ती : याचं उत्तर माझ्याकडे नाही. मुलीचं पाहायचं असं सगळे म्हणतील, आणि म्हणूनच मला ते मान्य करवत नाही.

एवढ्यावर ही बोलणी थांबली, पण ती ऐकत बसलेल्या मला एक गोष्ट खटकत राहिली. दोघांनीही त्या बाईबद्दल कळकळीनं बोलून घेतलं आणि तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. माझा कल वेस्टमीडकडे आहे, लिफ्टच्या इमारतीत, स्टेशनपासून चालत. पण तो कल तिच्या होकारापुढे गौण आहे. निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझी एकच विनंती आहे. घर कुठेही घ्या, वेंटवर्थव्हिलला घ्या किंवा हॉर्न्सबीला, पण भाडेकरार दोघांच्या नावावर करा. नव्या देशात आधीच्या घरमालकाचा दाखला मागितला जातो, आणि ज्याचं नाव करारावर नाही त्याला तो मिळवताना अडचण येते. न्यू साउथ वेल्समध्ये २०१९पासून घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या भाडेकरूला करार मुदतीआधी दंडाविना मोडता येतो. ही तरतूद भाडेकरूसाठी आहे, त्यामुळे बायकोचं नाव पहिल्याच करारावर, सही करतानाच, घालून घ्या.